तरुणांना सत्काराचा हार नको, ग्रामसभेत जागा हवी

कोणत्याही गावच्या वेशीवर उभे राहा. फ्लेक्सवर पंधरा-वीस तरुण हात जोडून उभे दिसतात. कोणी 'युवा नेते', कोणी 'भावी सरपंच', कोणी नुसताच 'आधारस्तंभ'. जयंतीची मिरवणूक असो, पुढाऱ्याची सभा असो, की मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून केंद्रावर आणायचे असो, पुढे तरुणच असतात. आता त्याच गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि ग्रामसभेच्या हजेरीचे रजिस्टर उघडा. सह्या वाचत खाली या. गाव ओळखणारा माणूस लगेच सांगेल की यातल्या बहुतेक सह्या पन्नाशीच्या पुढच्यांच्या आहेत. राबायला पोरे आणि ठरवायला बाप, अशी ही वाटणी आहे.

सरकारी धोरणात तरुणांचा सहभाग हवा, हे वाक्य आपण अनेक भाषणांत ऐकले. मुंबई-दिल्लीत त्यावर समित्या बसतात, परिषदा होतात. चांगली गोष्ट आहे. पण सरकारचे धोरण गावात ज्या कागदावर उतरते तो कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा विकास आराखडा. रस्ता आधी की पाण्याची टाकी आधी, शाळेची खोली की सभामंडप, हे त्या कागदावर ठरते. त्या कागदात तरुणांचा शब्द नसेल, तर वरच्या परिषदेत दोन पोरे जाऊन बसली म्हणून गावाला काय मिळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि गावातल्या कर्त्या मंडळींपुढे एकच मागणी मांडायची आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी गावातल्या तरुण मुला-मुलींची वेगळी युवा सभा घ्या, तिचे ठराव लिहून काढा आणि ते ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ठेवा.

कायद्याने दिले, गावाने घेतले नाही

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. मार्च १९८९ पासून ते लागू आहे. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ग्रामसभा म्हणजे कोण? गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण. अठरा वर्षांची पोरगी आणि ऐंशी वर्षांचे आबा, दोघांचे वजन तिथे सारखेच.

ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायला वय २१ लागते, आमदार-खासदार व्हायला २५. म्हणजे अठरा ते एकवीस या वयात मत देणे सोडले, तर कारभारात बोलायची एकच हक्काची जागा पोरांना आहे, ती म्हणजे ग्रामसभा. आणि तीच जागा रिकामी आहे.

आणखी एक गोष्ट. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आपल्या राज्यात सरपंच किंवा सदस्य व्हायचे असेल, तर किमान सातवी पास असावे लागते. त्याआधी जन्मलेल्यांना ती अट नाही. म्हणजे शिक्षणाची अट तरुणांना आणि बोलायची संधी बाकीच्यांना! अट लावायला हरकत नाही. पण शिकलेले पोरगे हवे असेल, तर त्याच्या शिक्षणाचा उपयोगही करून घ्या.

राज्य सरकारने २०१२ मध्ये युवा धोरण जाहीर केले. केंद्राचे राष्ट्रीय युवा धोरण २००३ मध्ये आले आणि २०१४ मध्ये नव्याने आले. त्यात तरुण म्हणजे १५ ते २९ वयाचे असे धरले आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत या वयाचे लोक साडेसत्तावीस टक्के होते. गावातली चार माणसे घेतली तर त्यातला एक तरी या वयाचा. तुमच्या ग्रामसभेत चौघांत एक दिसतो का?

पैशाची वाट आणि आराखडा

काही जण म्हणतील, ग्रामसभेत जाऊन मिळते काय? चहा आणि भांडण! पूर्वी यात तथ्य होते, कारण गावाच्या हातात पैसाच फार नव्हता. ती स्थिती १४ व्या वित्त आयोगापासून बदलली. २०१५ ते २०२० या काळात केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आला. तो कसा खर्चायचा, याचा आराखडा गावाने करायचा म्हणून राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. नंतर १५ व्या वित्त आयोगाच्या २०२० ते २०२६ या काळात आपल्या राज्यात या निधीचे वाटप ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असे ठरले. २०२१-२२ पासून त्यातले ६० टक्के पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे होते. आता २०२६-२७ पासूनची पाच वर्षे १६ व्या वित्त आयोगाची आहेत. म्हणजे पुढच्या पाच वर्षांची घडी बसण्याची हीच वेळ आहे.

हे आकडे गावातल्या किती पोरांना ठाऊक आहेत? स्पर्धा परीक्षेला बसणारी पोरे ७३ वी घटनादुरुस्ती तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण आपल्याच ग्रामपंचायतीला यंदा किती निधी आला हे विचारले, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खरे तर ग्रामपंचायतीचा आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागतो आणि हातातल्या मोबाईलवर तो कोणालाही पाहता येतो. मोबाईल पोरांच्या हातात आहे, आराखडाही त्यातच आहे. दोघांची गाठ घालून द्यायची राहिली आहे.

दुसरीकडे नियमांतही तरुण मध्येच अडकला आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. ते योग्यच आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, आराखड्यासाठी बालसभा घ्यायची, असेही ठरलेले आहे. शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पना गावांना दिल्या आहेत त्यात बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गाव आहे. युवकांच्या नावाने त्यात एकही नाही. बालसभेत बसायला पोरगा मोठा झाला आणि ग्रामसभेत बोलायला अजून लहान! मग त्याने जायचे कुठे? पारावर, टपरीवर आणि पुढाऱ्याच्या गाडीमागे.

मी तरुणांसाठी निधीचा वेगळा टक्का मागत नाही. टक्का मिळाला की तो कुठल्या तरी व्यायामशाळेच्या साहित्यावर लावतात आणि कुलूप घालून मोकळे होतात. मागणी फक्त एवढीच आहे की संपूर्ण निधीबद्दल त्यांना बोलू द्या.

वाफसा असतानाच पेरावे

शेतकऱ्याला वेळ समजावून सांगायला नको. वाफसा गेल्यावर पेरले तर बी वाया जाते. आराखड्याचेही तसेच आहे.

२०१८ पासून दरवर्षी २ ऑक्टोबरपासून 'सबकी योजना, सबका विकास' या मोहिमेत पुढच्या वर्षीचे आराखडे करण्याचे काम सुरू होते. मग हिवाळाभर ते चालते. आता आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या तरुणांचे वर्ष आठवा. बीड, धाराशिव, जालना या भागांतली हजारो तरुण जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, ती पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. ऊसतोडीला न जाणारी पोरे पुण्यात, चाकणला, वाळूजला कंपनीत असतात. म्हणजे गावचा आराखडा पक्का होतो तेव्हा ज्यांच्यासाठी तो व्हायला हवा तीच माणसे दुसऱ्याच्या फडात असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावात उरतात म्हातारे, ठेकेदार आणि ठेकेदाराची माणसे.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोराला विचारा गावात काय हवे. तो स्वागत कमान मागणार नाही. तो म्हणेल, "आम्ही गेल्यावर लेकरांची शाळा सुटू नये म्हणून गावात राहायची-जेवायची सोय करा." त्याची बायको म्हणेल, "आल्यावर तरी पाण्यासाठी दोन कोस हिंडायला लावू नका." वस्तीवरचा पोरगा शेततळ्याचे, रस्त्याचे बोलेल. या गोष्टी आराखड्यात आल्या, तर पुढच्या साली एखादे तरी बिऱ्हाड गावात थांबेल. पण हे सांगायला तो सभेत असायला हवा, आणि तो असेल तेव्हा सभा घ्यायला हवी.

म्हणून वर्षाचे चार ठोकताळे सांगतो. १ मेच्या ग्रामसभेला ऊसतोड मजूर परत आलेले असतात, कॉलेजच्या परीक्षा आटोपत आलेल्या असतात. त्या वेळी मागच्या वर्षी काय ठरले आणि काय झाले, याचा हिशोब घ्यावा. १५ ऑगस्टला पेरण्या उरकलेल्या असतात, तेव्हा मागण्यांची यादी करावी. २ ऑक्टोबरला, कोयता निघण्याआधी, त्या यादीवर ठराव घ्यावा. मग २६ जानेवारीला गावात माणसे कमी असली तरी कागदावर तरुणांचा शब्द राहील. चारही तारखा आजही आहेत. नवीन काही करायचे नाही, फक्त वापरायच्या आहेत.

'पोरांना काय कळतंय?'

हा सवाल गावोगाव ऐकू येतो. "अजून मिसरूड फुटलं न्हाई, आन आमाला कारभार शिकवणार व्हय?" असे म्हणणारे आबा वाईट माणूस नसतात. त्यांनी दुष्काळ पाहिलेले असतात, सोसायटीची कर्जे फेडलेली असतात. अनुभवाला किंमत आहेच.

पण हाच सवाल याआधी कोणाला विचारला होता, ते आठवा. बायकांना! राज्यात १९९० मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा ठेवल्या, १९९३ नंतर देशभर एक तृतीयांश झाल्या आणि २०११ पासून आपल्याकडे निम्म्या आहेत. त्या वेळी पारावर काय बोलणे होते? "बायकांना काय कळतंय, सही करायला नवरा लागंल." काही ठिकाणी तसे झालेही, आजही होते. पण कित्येक गावांत पाण्याचा, दारूबंदीचा, शाळेचा प्रश्न सरपंच बाईंनीच धरून लावला. खुर्ची मिळाली, मग काम कळत गेले. पोहायला शिकल्याशिवाय विहिरीत उतरू नको असे म्हटले, तर माणूस जन्मात पोहणार नाही.

आणि तरुणांना संधी दिल्यावर काय होते, याचा दाखला शोधायला दूर जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. दुष्काळ, दारू आणि भांडणे यांनी गाव मोडकळीला आले होते. १९९० च्या सुमारास तिथल्या तरुणांनी गावातल्या शिकलेल्या पोराला गळ घातली आणि पोपटराव पवार सरपंच झाले. वय तेव्हा तिशीच्या आसपास, शिक्षण एम.कॉम. पुढे ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्याला मनाई केली. जास्त पाणी पिणाऱ्या उसा-केळीला आवर घातला. पाऊस किती झाला ते मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, ही रीत बसवली. पुढे राज्याच्या आदर्श गाव कार्यक्रमाची धुरा पवारांकडे आली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या पोरांना 'तुम्हाला काय कळतंय' म्हणून कोणी घरी बसवले असते तर?

यात आणखी एक धडा आहे. धोरण नेहमी वरून खाली येते असे आपण धरून चालतो. पण रोजगार हमी कुठून आली? १९६० च्या दशकात वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात लहानसा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात ती राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये त्याच वाटेवर देशाचा कायदा आला. एका तालुक्यातली कल्पना दिल्लीपर्यंत गेली. म्हणून गावच्या ठरावाला कमी लेखू नका.

मुलींचे काय?

युवा सभा म्हटली की डोळ्यांपुढे पोरेच येतात. मुलगी म्हणजे आज ना उद्या दुसऱ्या गावची, तिला कशाला बोलवायचे, असा हिशोब असतो. नव्या सुनेला तर पहिली पाच वर्षे पदराआडून बाहेर यायला मिळत नाही. म्हणजे लेक म्हणून माहेरी बोलायचे नाही आणि सून म्हणून सासरी बोलायचे नाही.

याचा तोटा गावाला कसा होतो, एक उदाहरण देतो. शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास देण्याची अहिल्याबाई होळकर योजना राज्यात आहे. धोरण चांगले. पण गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून गेली, तर पास घेऊन फाट्यावर उभे राहायचे. अंधार पडू लागला की घरचे म्हणतात, बस झाली शाळा. मग कोवळ्या वयात लग्न. हे मुंबईच्या अधिकाऱ्याला कसे कळणार? गाडीची वेळ त्या मुलीलाच ठाऊक असते. तिने युवा सभेत सांगितले, ग्रामसभेने ठराव केला आणि तो आगार व्यवस्थापकाकडे गेला, तर वेळ बदलू शकते. यात एक रुपयाचा खर्च नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि ज्याला कळते त्यालाच आपण विचारत नाही.

राजकारण होईल ही भीती

सरपंच मंडळींची खरी अडचण वेगळी असते, ती उघड बोलली जात नाही. युवा सभा घेतली तर विरोधी पार्टीची पोरे येऊन धिंगाणा घालतील, पुढच्या निवडणुकीची तयारी करतील, अशी भीती असते. भीती खोटी नाही. पण राजकारण आजही होतेच ना? फरक एवढाच, की आज ते ढाब्यावर होते. पोरांना पेट्रोल आणि जेवण देऊन वापरून घेतले जाते आणि निकालानंतर विचारत नाहीत. सभेत बोलणाऱ्याचे बोलणे इतिवृत्तात लिहिले जाते. मग त्याला तोंड सांभाळून, हिशोबाने बोलावे लागते. ढाब्यावरचे राजकारण सभेत आले, तर ते थोडे तरी सुधारेल.

दुसरी अडचण ग्रामसेवकांची. त्यांचे पदनाम २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणते. एकेका भाऊसाहेबाकडे दोन-दोन गावे, वर रोज नवा अहवाल मागणारा तालुका. त्यात आणखी एक सभा कशी घ्यायची? उत्तर असे, की युवा सभेने काम वाढणार नाही, हलके होईल. शिवारफेरी काढायला, विहिरी-हातपंप मोजायला, घरोघर जाऊन माहिती भरायला, संगणकावर चढवायला गावातली शिकलेली पोरे मिळतील. आज ही माहिती बऱ्याच ठिकाणी कार्यालयात बसून भरली जाते, मागच्या साली होती तीच पुढच्या साली. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा चार पोरे शिवारात पाठवलेली बरी.

तरुणांनाही दोन शब्द

सगळा दोष म्हाताऱ्यांवर टाकून चालणार नाही. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, दवंडी होते. त्या दिवशी पोरे असतात कुठे? क्रिकेटच्या स्पर्धेला वर्गणी काढून पंच आणता, आणि ग्रामसभेला यायला वेळ नाही? ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जे कमी असेल ते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग पाच-पंचवीस माणसांत मोठमोठे ठराव पास होतात. गावातली पन्नास पोरे-पोरी येऊन बसली, तरी निम्मा कोरम तिथेच भरला. हे बळ कमी आहे का?

पण नुसते बसून आणि ओरडून भागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे छोटे गोंड गाव पाहा. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. घोषणा सगळ्यांना माहीत आहे, त्यामागची रीत कमी जणांना. तिथे ग्रामसभेपासून वेगळा अभ्यासगट असतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ही सवय लावली. विषय आधी अभ्यासगटात समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणत्याला विचारायचे आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायचा. या अभ्यासाच्या जोरावर २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत त्याची गणना होते. मोर्चाने जे मिळत नाही ते कधी कधी कायद्याचे पान उघडून मिळते.

आपल्या पोरांकडे अभ्यासाची सवय आहे. भरतीच्या परीक्षेसाठी रात्र-रात्र वाचतात. त्यातला आठवड्यातला एक तास गावच्या कागदाला द्या. आराखडा वाचा. माहितीचा अधिकार राज्यात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये कायदा होऊन मिळाला आहे, तो भांडणासाठी न वापरता समजून घेण्यासाठी वापरा. सरकार नवे नियम करते तेव्हा राजपत्रात मसुदा येतो आणि 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. मुदत संपल्यावर बोंब मारण्यापेक्षा मुदतीत एक पानाचे पत्र लिहा. बैल गेला आणि झोपा केला, असे किती दिवस करायचे?

शेजारचे राज्य काय करते

आपले ऊसतोड मजूर ज्या कर्नाटकात जातात, तिथलीच गोष्ट. १९९० च्या दशकात कुंदापूर तालुक्यातल्या काही गावांत काम करणाऱ्या मुलांनी आपल्या अडचणी पंचायतीपुढे मांडायला सुरुवात केली. मुलांच्या पंचायती बसल्या. पुढे २००६ मध्ये तिथल्या सरकारने ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा घ्यायला सांगितले. सदस्य आणि अधिकारी समोर बसतात, मुले उभी राहून विचारतात की शाळेच्या वाटेवरचा नाला कधी बांधणार, गेल्या वर्षी हो म्हणाला होतात त्याचे काय झाले. दहा-बारा वर्षांची लेकरे तिथे विचारू शकतात, तर आपली वीस-बावीस वर्षांची पोरे मागे का राहावीत?

करायचे एवढेच

युवा सभेला वरून आदेश येण्याची वाट पाहायची गरज नाही. कोणत्याही नियमात तिला मनाई नाही. ग्रामपंचायतीने मासिक सभेत साधा ठराव करावा आणि पुढील गोष्टी धराव्यात.

एक, ग्रामसभेच्या दोन-चार दिवस आधी १५ ते २९ वयाच्या सर्वांची सभा शाळेत किंवा समाजमंदिरात घ्यावी. गावाबाहेर असलेल्यांना फोनवरून मागणी कळवू द्यावी. मुलींसाठी दिवसाउजेडीची वेळ ठेवावी.

दोन, सभेत निधीचा आकडा आणि चालू आराखडा मोठ्याने वाचून दाखवावा. आकडा कळल्याशिवाय मागणी केली की ती भिकेसारखी वाटते.

तीन, मागण्या तीनच कराव्यात, पण त्या शोधून, मोजून, खर्चाचा अंदाज काढून कराव्यात. त्यांची प्रत ग्रामपंचायतीच्या आवकमध्ये देऊन पोच घ्यावी.

चार, ग्रामसभेत या मागण्या मान्य झाल्या तर कोणत्या साली होणार ते लिहावे. नामंजूर झाल्या तर कारण लिहावे. कारण लिहिणे हे सगळ्यात महत्त्वाचे. 'नाही' ऐकायला तरुण तयार असतो. त्याला राग येतो तो न ऐकल्याचा.

पाच, पुढच्या १ मेच्या ग्रामसभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय येईल, तेव्हा युवा सभेच्या ठरावांचे काय झाले ते त्यातच सांगावे.

यातून सगळे प्रश्न सुटतील असे कोणी समजू नये. सोयाबीनचा भाव गावच्या ठरावाने वाढणार नाही, नोकरीही लागणार नाही. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, हेही एका सभेने बदलणार नाही. पण ज्या गावात आपल्याला कोणी विचारतच नाही, त्या गावात पोराने कशासाठी राहायचे? जमीन कमी आहे, पाणी कमी आहे, हे तो सोसतो. आपल्या शब्दाला किंमत नाही हे मात्र त्याला सोसत नाही, आणि मग तो चाकणची गाडी पकडतो. पाठोपाठ गावातली शाळा ओस पडते, दुकान बंद होते आणि घरात दोन म्हातारी माणसे राहतात. आज आबा ज्या ग्रामसभेत पोरांना बोलू देत नाहीत, त्या ग्रामसभेत दहा-पंधरा वर्षांनी बसायला तरी कोण असेल, याचा विचार व्हावा.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणत आलो. त्या गावात पोरे-पोरीही येतात. तेव्हा सरपंचांनी आणि भाऊसाहेबांनी पुढच्या ग्रामसभेची नोटीस काढताना तिच्यात एक ओळ वाढवावी: युवा सभा, तारीख, वेळ आणि ठिकाण. आणि ज्यांच्या घरात अठरा वर्षे पूर्ण झालेले पोरगे किंवा पोरगी आहे, त्या आई-बापांनी त्या दिवशी त्यांना शेतातल्या कामातून दोन तास सुट्टी द्यावी.